दत्ताचा दम कोणी तोडला

"बाई, आधी बाहेर येऊन लोकाइला सांगा. मलमपट्टी मागून करा," गंगाराममामा म्हणाले.

मी म्हणाले, "मामा, आधी तुम्ही दारातून सरका. पेशंटला वारा लागू द्या."

ते सरकले नाहीत. दोन्ही चौकटींना हात लावून उभेच. एकेकाळचे पैलवान, सगळं दार त्यांनी भरून टाकलेलं. पेशंट म्हणजे त्यांचाच भाचा, दत्ता. वसमतकडच्या हट्ट्याचा. ड्रेसिंग टेबलावर आणून निजवला होता. ओठातून रक्त, तोंड काळंनिळं, आणि श्वास असा तोकडा की धापा टाकतोय म्हणावं तर धापही पुरी होत नव्हती. बाहेर दवाखान्याच्या अंगणात हट्ट्याची आणि हिंगोलीची माणसं खच्चून भरली होती. सगळ्यांचं एकच, "वऱ्हाड्याला बाहेर काढा!"

आणि तो वऱ्हाडी आतच होता. माझ्या मागे, पाण्याच्या माठापाशी, पाठ भिंतीला लावून.

आता नीट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई मधूनच सुरू झाली. तेव्हा निजामाचं राज्य होतं, आणि दूर कुठं तरी मोठी लढाई चालली होती. मी हिंगोलीच्या दवाखान्यात नर्स होते. शाळा मी कधी पाहिली नाही. आया म्हणून लागले, औषधाच्या बाटल्यांवरची अक्षरं बघून बघून वाचायला शिकले, आणि डॉक्टरसाहेबांच्या हाताखाली पट्ट्या बांधायला. लोक मला नर्सबाई म्हणत. डॉक्टरसाहेब हैदराबादचे, मुसलमान, बोलणं थोडं आणि बराबर.

दसऱ्याच्या सुट्टीत छावणीच्या मैदानावर हुतुतूचा सामना ठरला. एका बाजूला औरंगाबादेच्या कॉलेजात शिकणारी पोरं, त्यांतली निम्मी आमच्याच भागातली. दुसऱ्या बाजूला वऱ्हाडातल्या एका कॉलेजची टीम. ती वाशिमच्या रस्त्यानं सर्व्हिस मोटारीतून आली होती. हट्ट्याचे लोक वसमतहून रेल्वेनं आले. बाया आल्या, भाकरी बांधून आणल्या. गावातून कॉलेजात गेलेलं पहिलं पोरगं म्हणजे दत्ता. त्याला तिथं पाठवायला भाऊबंदांशी भांडले ते गंगाराममामाच. तेव्हा सामना दत्ता खेळत होता खरा, पण हरणं-जिंकणं मामांचं होतं.

हुतुतू तुम्हाला ठाऊक असेल, तरी सांगते. एक गडी 'हुतुतू हुतुतू' म्हणत पलीकडे जातो, कोणाला शिवतो, आणि त्याच एका श्वासात रेघेला परत येतो. त्या श्वासाला दम म्हणतात. मधेच दम तुटला तर गडी बाद. त्याला धरून ठेवता येतं, आडवं पाडता येतं, पण तोंड दाबायचं नाही. तोंड दाबून दम तोडला तर ती लबाडी. शेवटच्या चढाईला दत्ता गेला, वऱ्हाडच्या किसननं कमरेला मिठी घातली, चौघं वर पडले, आणि पंचांनी हात वर केला. दम गेला. सामना गेला.

हट्ट्याच्या लोकांनी एका क्षणात ठरवलं की किसननं तोंड दाबलं. पंच हिंगोलीच्या शाळेचे ड्रिलमास्तर. ते होते पाठीमागच्या बाजूला. म्हणाले, "मला हात दिसला नाही. पण दवाखाना म्हणाला की तोंड दाबलेलं आहे, तर हा डाव रद्द. उद्या पुन्हा खेळवतो."

म्हणजे बघा, सामन्याचा निकाल ड्रेसिंग टेबलावर येऊन पडला.

गंमत अशी की दत्ताला उचलून आणणाऱ्यांत किसनही होता. तोच सगळ्यांत जवळ होता, त्यानं पाय धरले आणि आणलं. आत आला, मागे बघतो तर अंगण भरलेलं. त्याची टीम नाक्यावर मोटारीपाशी. ती मोटार कोळशावर चालणारी, पेट्रोल लढाईत गेलेलं. मागच्या भट्टीत कोळसा पेटवायचा, भाता मारत बसायचं, मग कधी तरी ती गुरगुरणार. पळून जायची सोय नव्हती.

"बाई," किसन हळूच म्हणाला, "म्या तोंडाले हातच नाई लावला. देवाशप्पथ. मले काहून मारून राह्यले हे लोकं?"

"अजून मारलं कुठं?" मी म्हटलं. "माठातलं पाणी पी आणि गप उभा राहा."

ओठ पाहिला. खालच्या ओठाला आतून दात लागला होता. असा ओठ तोंड दाबलं तरी फुटतो, आणि पालथं पडलं तरी फुटतो. ओठावरून काही सांगता येत नव्हतं. तसं मी मामांना सांगितलं.

"तुमी शिकलेल्या, तुमाला कसं सांगता येईना?"

"मी कुठं शिकलेली? आणि ओठ काय बोलतो का?"

मग मी दत्ताचा सदरा काढायला घेतला. आत हात घातला तर अंग नाही, कापड लागलं. पुष्कळ कापड. सदरा वर केला तर काखेपासून बेंबीपर्यंत फेटा गुंडाळलेला. पिवळाधमक झालेला, आंबेहळदीच्या लेपानं. आणि आवळलेला कसा? माझं एक बोटही आत जाईना.

"हे काय आहे?"

दत्तानं डोळे मिटून घेतले. मामा मात्र खुशीत पुढे आले. "तालमीत पडलं व्हतं ते चार दिवसाखाली. बरगडीत उसण भरली. म्या सामन्याच्या आधी माझा फेटा बांधला. पैलवानाचा बांध हाय, बाई. हाड जागचं हलणार न्हाई."

हाड हललं नव्हतं, ते खरंच होतं. छातीही हलली नव्हती.

मी आणि किसननं मिळून तो फेटा सोडवला. मी गुंडाळत गेले, तो दत्ताला उचलून धरत गेला. शेवटचा वेढा निघाला आणि दत्तानं असा श्वास घेतला की टेबल हललं. लगेच "आई गं" करून ओरडला, कारण बरगडीला खरंच तडा गेला होता. पण तोंडावरचं निळं उतरायला लागलं. किसननं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. दत्ता वर कौलाकडे बघत होता. तिघांनाही कळलं होतं. मामांना कळलं नव्हतं.

बरगडी मोडली की कशी बांधतात ते सांगते, उपयोगी पडेल. आम्ही स्टिकिंग प्लास्टर लावायचो. चिकट पट्टी असते ती. पेशंटला श्वास पूर्ण सोडायला लावायचा आणि त्या वेळी पट्टी चिकटवायची. पण सगळ्या छातीला वेढा नाही. फक्त दुखऱ्या बाजूला, पाठीच्या कण्यापासून पुढच्या मधल्या हाडाच्या जरा पलीकडे. चांगली बाजू मोकळी ठेवायची, म्हणजे त्या बाजूनं माणूस श्वास घेतो. डॉक्टरसाहेबांनी मला हे शिकवलं तेव्हा म्हणाले होते, "बाई, पसली बांधो, आदमी मत बांधो."

तेवढ्यात डॉक्टरसाहेब वॉर्डातून आले. त्यांनी फेटा पाहिला, लेप पाहिला, दत्ताची छाती ऐकली. अंगणाचं दार लावून घेतलं आणि मामांना थोडं बाजूच्या खोलीत बसायला सांगितलं. मग मला विचारलं, "वो लोग क्या चाहते हैं?"

"साहेब, तोंड दाबलं असं आपण म्हणावं. मग मॅच पुन्हा होईल. नाही म्हटलं तर ह्या पोराला मारतील."

"हमारा काम मरहम-पट्टी. हार-जीत हमारा काम नहीं." थोडं थांबले. "मगर जो देखा वो बोलना पड़ेगा. पहले मरीज से पूछो."

मी दत्ताला विचारलं, "तोंडाला हात लागला होता का रे?"

"न्हाई." मग म्हणाला, "पहिल्या चढाईपासूनच दम पुरून नव्हता राहिला. ह्यानं धरलं तवा माझा दम सरूनच गेला व्हता."

"मग तसं सांगू का बाहेर?"

तो उठूनच बसायला लागला. "बाई, पाया पडतो. मामाचं नाव सांगू नका. साऱ्या गावाम्होरं बांधलाय त्यानं तो फेटा. नारळ फोडून बांधलाय. गावात तोंड कुठं दाखवंल तो?"

किसन माठापाशी उभा राहून हे ऐकत होता. अंगणातून कोणीतरी दारावर काठी आपटली. किसन म्हणाला, "मंग माह्यं तोंड तं राह्यलंच बाजूले." दत्ता त्याही परिस्थितीत हसला आणि बरगडी धरून कण्हला.

मला सुचलं ते असं. जो माणूस सांगितलेलं ऐकत नाही, त्याला ऐकवण्यात अर्थ नाही. मी मामांना आत बोलावलं. म्हटलं, "मामा, तुमचा बांध मला शिकायचा आहे. पेशंटला पुन्हा बांधायचा म्हटलं तर कसा बांधू? तुमच्याच अंगावर दाखवा."

मामा खूश. सदरा काढला. छाती म्हणजे कणगी. "एक टोक तुमी धरा. दुसरं कोण धरतं?"

माणूस एकच मोकळा होता. किसन.

मामांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "धर लेका. तेवढं तरी कामाला ये."

किसननं ओढलं.

"आवळ! वऱ्हाडात जेवायला देत न्हाईत का? आवळ, दत्ताला म्या याच्यावून जास्त आवळलं व्हतं."

किसननं पाय टेबलाला लावून ओढलं. मी गाठ मारली. मामा म्हणाले, "हां. हा बांध."

मी म्हटलं, "आता हुतुतू म्हणत त्या खिडकीपर्यंत जा आणि परत या."

"ते काहून?"

"दत्ता तसाच गेला होता ना?"

मामा हसले. मांडीवर थाप मारली आणि निघाले. "हुतुतू हुतुतू हुतुतू..." खिडकीपर्यंत आवाज चांगला होता. वळले तेव्हा बारीक झाला. टेबलापाशी आले तेव्हा नुसते ओठ हलत होते. आणि माझ्यापर्यंत यायच्या आधी त्यांनी तोंड उघडून मासोळीसारखा श्वास घेतला. खोली केवढी, तर दोन खाटा मावतील एवढी.

मामांनी मान खाली घातली आणि छातीवरच्या पिवळ्या कापडाकडे बघत राहिले. मग दत्ताकडे पाहिलं.

"तुला कळलं व्हतं?"

"व्हय."

"मंग सोडला काहून न्हाई, लेकरा?"

"तू बांधला व्हता, मामा."

डॉक्टरसाहेबांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. मी कात्री घेतली, म्हटलं फेटा सोडते. मामांनी माझा हात बाजूला केला. सदरा खांद्यावर टाकला, फेटा तसाच छातीला, आणि दार उघडून ओट्यावर गेले. आत आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"ऐका रे! तोंड कोणी दाबलं न्हाई. बांध म्या आवळला. हा बघा. म्या आता आत खेळून पायलं, मलाबी दम पुरला न्हाई. सामना आपुन हरलो. माझ्या हातानं हरलो." श्वास घ्यायला थांबले, कारण फेटा सोडलाच नव्हता. "ते वऱ्हाडचं पोरगं माझ्यासंगं नाक्यापोतर येणार हाय. त्याला हात लावायचा तर आधी मला लावा."

आणि खरंच, ते किसनला हाताला धरून नाक्यापर्यंत घेऊन गेले. मागे माणसं, पण अंतरानं. किसननं मला नंतर निरोप पाठवला होता की मोटार पेटेपर्यंत मामांनी स्वतः भाता मारला, आणि प्रत्येक भात्याला त्याला शिव्या दिल्या की मिठी चांगली घालतोस, पुढच्या वर्षी बघतो.

ड्रिलमास्तरांनी निकाल कायम ठेवला. दत्ताला मी प्लास्टर लावलं, एका बाजूला. सुट्टी संपल्यावर तो औरंगाबादेला गेला. बरगडी भरून आली. मामांनी पुन्हा कोणाच्या छातीला फेटा बांधला नाही. उलट हट्ट्यात कोणी पडलं, धडपडलं, की त्याला रेल्वेत बसवून हिंगोलीला धाडायचे. आमचं काम वाढलं.

तुम्हाला वाटेल, संपलं. माणसानं स्वतः ओट्यावर उभं राहून सांगितलं, आणखी काय पाहिजे? मलाही तसंच वाटलं होतं.

निजामाचं राज्य गेलं त्या साली, हळदीच्या बाजारात, मोंढ्यात, पोत्यांच्या थप्पीवरून एक म्हातारबाबा पडले. हट्ट्याचे. बरगडीच. मी प्लास्टर कापत होते आणि ते दुखणं विसरायला बोलत होते.

"बाई, आमच्या गावचा दत्ता ठाऊक हाय का? काय गडी व्हता! इथंच छावणीवर वऱ्हाड्यानं तोंड दाबलं त्याचं. न्हाईतर जितला व्हता सामना."

"पण बाबा, गंगाराममामांनी तर सांगितलं ना, बांध आवळला म्हणून?"

म्हातारबाबा हसले. "अवं, गंगाराम देवमाणूस. परमुलखातलं पोरगं मार खाईल म्हणून त्यानं आपल्या अंगावर घेतलं. आमाला काय कळत न्हाई व्हय? तुमी व्हत्या का तवा इथं?"

"होते."

"मंग तुमाला तर ठाऊकच हाय."

राज्य बदललं होतं, पण तो निकाल हट्ट्याला अजून मान्य नव्हता. मी म्हटलं, "बाबा, श्वास सोडा." त्यांनी सोडला. मी पट्टी चिकटवली, चांगली बाजू मोकळी ठेवली. बरगडी भरायला दीड महिना लागतो. हरलेला सामना भरून यायला किती लागतं, ते डॉक्टरसाहेबांनी मला शिकवलं नव्हतं.