गोदाताईंचे पुठ्ठे

परत आलेलं पुस्तक गोदाताई आधी उलटं धरून झटकायच्या. त्यातून सुपारीचं खांड पडे, कधी तंबाखू, एकदा तर हरभऱ्याची टरफलं पडली. "वाचायलेत का जेवायलेत, देव जाणे," असं पुटपुटत त्या पान न् पान पुसायच्या. जिंतूरच्या मराठी वाचनालयाच्या त्या ग्रंथपाल. निजामाच्या अमलात मराठी वाचनालय आधीच सरकारच्या डोळ्यांत सलायचं, त्यात खुर्चीवर बाईमाणूस! मी त्यांच्या हाताखाली कामाला लागले, तेव्हा लोकांनी माझ्या वडिलांना काय काय नावं ठेवली ते सांगत बसत नाही.

नवऱ्याने टाकलेल्या गोदाताई भावाकडे राहत आणि कथा लिहीत. पुण्याच्या मासिकांना पाठवत, कथा परत येत. मी त्या सगळ्या वाचल्या होत्या. आज लोक मला लेखिका म्हणतात, पण खरं सांगते, त्यांच्यासारखं एक पान मला साधलेलं नाही.

महायुद्धाच्या दिवसांत बांधणीला पुठ्ठा मिळेनासा झाला. पुस्तकं तर रोज फाटत. गोदाताई मग खळ लावून कागदावर कागद चिकटवत, वर दगड ठेवून वाळवत आणि घरीच पुठ्ठा करत. रद्दी संपली, तशी त्यांनी ट्रंकेतून आपल्या कथा काढल्या. मी हात धरला. निदान एखादी उतरवून घेऊ द्या म्हटलं, पण उतरवायला तरी कोरा कागद कुठे होता?

"माझं वाचणारं कोण हाय, सुमन? ह्या पुस्तकांची घराघरांत बाया वाट बघायल्यात. सोड हात."

मी सोडला. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, तोही बाजारातून नाहीसा झालेला. ताईंनी तसंच चालवून घेतलं. रोज हाताळलेल्या पुस्तकाला वाळवी शिवत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते खोटंही नव्हतं.

पुढे रझाकारांचे दिवस आले. वाचनालयात सभा भरतात असे कुणीतरी पोलिसांचे कान भरले आणि त्यांनी दाराला सील ठोकलं. गोदाताई कचेरीत जाऊन विनवण्या करून आल्या. कुणाला तरी आत जाऊन पुस्तकं हाताळू द्या, एवढंच मागत होत्या. त्यांना हाकलून दिलं.

निजामाचं राज्य गेलं, सील निघालं. आम्ही कपाट उघडलं. वाळवी खळीच्या वासावर गेली होती. आतली छापील पानं कडेला कुरतडलेली, पण बरीचशी शाबूत. पुठ्ठ्यांची मात्र माती. ताईंनी ती माती सुपात भरली आणि बाहेर टाकून आल्या. मला इतकी चीड आली! कुणावर, ते आजही सांगता येत नाही.

आता कागद मिळत होता. मी दस्ता घेऊन त्यांच्यापुढे बसले. तुम्ही सांगा, मी लिहिते म्हटलं. त्यांनी बोरी गावच्या बाजारात चुकलेल्या बाईची कथा सुरू केली. दोन-तीन वाक्यं झाली आणि त्या थांबल्या. 

"पुढं न्हाई आठवत गं. ती बाई घरी पोचली का न्हाई, तेबी न्हाई आठवत."

ती कथा मी वाचलेली होती. मलाही आठवेना.