जळक्या तेलाचा धनी

दोन बोटं तेलात बुडवायची, अंगठ्यावर घासायची, नाकाशी न्यायची आणि डोळे मिटून म्हणायचं, "अजून जीव हाये याच्यात." असं तो दिवसातून किती वेळा करी, देव जाणे. समोर ट्रकमधून काढलेलं काळंकुट्ट, जळकं तेल असे आणि याच्या चेहऱ्यावर मात्र अत्तर हुंगल्याचा भाव!

तळेगावच्या नाक्यावर माझं शिंपीकामाचं दुकान होतं आणि त्याला लागूनच त्याची तेल गाळायची तुराट्यांची झोपडी; घर त्याचं नाल्यापलीकडे. आता तुम्हीच सांगा, शिंप्याला असला शेजार कसा परवडावा? माझे पांढरे सदरे आणि त्याचे तेलकट डबे, मध्ये फक्त एक कूड. मी तावातावानं भांडायला जाई. तो सगळं ऐकून घेई आणि म्हणे, "टेलरभाऊ, तुह्याकडच्या चिंध्या फेकू नको. मले तेल गाळाले लागतात." मी चिंध्या देऊन परत येई आणि दुकानात आल्यावर आठवे की आपण भांडायला गेलो होतो.

तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, त्यानंतरची ही गोष्ट. आल्या आल्या त्यानं पाटलाला सांगितलं, की यापुढे गावची मेलेली ढोरं ओढणार नाही आणि संध्याकाळी दारोदार भाकरीही मागणार नाही. त्याच्याबरोबर त्याच्या दोघा भावांनीही ते काम सोडलं. सोडणं सोपं होतं, पण तीन घरांच्या चुली कशावर पेटवायच्या? गाव म्हणालं, होळीपर्यंत येतील परत.

नाक्यावर ट्रकवाले थांबत आणि इंजिनातलं जुनं तेल तिथेच रस्त्याकडेला सोडून देत. ते ओघळत नाल्यात जाई आणि नाल्याकाठच्या माळ्यांच्या मेथीची माती करी. एके दिवशी हा गडी डबा घेऊन ट्रकखालीच शिरला. "सरदारजी, नीचे मत छोडो, मेरे डब्बे में छोडो!" सरदारजी पोट धरधरून हसला, पण तेल त्यानं डब्यातच सोडलं.

ते तेल तो उन्हात निवळत ठेवी, माझ्या चिंध्यांतून गाळी, मग तेल्याच्या घाण्यातला जवसाचा गाळ आणि चुना घालून चुलीवर घोटत बसे. घट्ट झालं की बैलगाडीच्या आसाला लावायचं वंगण तयार. लोक आसाला एरंडीचं तेल लावत, ते महाग आणि चार दिवसांत वाळणारं. याचं वंगण चिकटून बसे आणि पडेही स्वस्त. बाजाराच्या दिवशी तो माझ्या दुकानासमोरच पळसाच्या पानांत पुड्या बांधून बसू लागला.

पहिल्याच बाजारी एक मोठे शेतकरी आले. दोन हात लांब उभे राहून म्हणाले, "पुडी खाली ठेव. मी उचलतो."

"खाली ठेवली तं माती लागन, मालक. माती लागली तं तुमचा आस झिजन आन् नाव माह्या मालाचं खराब होईन. हातात घ्या."

मालकांनी इकडेतिकडे पाहिलं. बाजार पाहत होता. मी तर सुईत दोरा ओवायचंच विसरलो. शेवटी मालकांनी हात पुढे केला. वंगण असं की एकाच्या हाताचं दुसऱ्याच्या हाताला लागल्याशिवाय राहत नाही! मला त्या दिवशी इतका आनंद झाला, की मी त्याच्या भावाच्या पोराची चड्डी फुकट शिवून दिली.

धंदा चालला. माळ्यांची मेथी सुधारली, एका माळणीनं तर त्याच्या घरी वांग्यांची टोपली आणून दिली. आणि मग एका बाजारी त्याच्यापुढे बायकांची फौज येऊन उभी राहिली. पुढारीण एक फटकळ म्हातारी.

"काय रे, कायचं वंगन देऊन राह्यला तू?"

"काऊन, आजी? गाडी अडते का?"

"अडत नाई, हेच तं! आवाजच करत नाई मेली! नाल्यापाशी गाडी करकरली की आमी तवा ठेवतो. गाडी दारात आली की गरम भाकर ताटात. आता गडी चोरावानी घरात येऊन उभा राह्यते आन् म्हन्ते, भाकर कुठी हाये?"

हसून हसून माझी मुरकुंडी वळली. त्याला मात्र हसू आलं नाही, कारण त्या बाजारी एकही पुडी खपली नाही. पुढच्या बाजारीही नाही. गावभर घराघरांतून एकच हुकूम सुटला होता, की वंगण आणाल तर थंडी भाकर खाल. उत्तम माल केल्याबद्दल बुडालेला असा व्यापारी मी दुसरा पाहिला नाही.

पाटलाचा माणूस वास काढत आलाच. "कोठ्यात बैल मरून पडला हाये. येतं का? जुनं काम जुनंच असते बाप्पा."

घरात पीठ संपत आलेलं मला माहीत होतं. तो घोटण्याची काठी खाली ठेवून म्हणाला, "पाटलाले सांग, वंगन पाहिजे असन तं येजो. दुसरं काई भेटत नाई इथं."

माणूस गेल्यावर त्यानं चुलीतली लाकडं बाहेर ओढली. मग तडक म्हातारीच्या दारात गेला. मीही मागोमाग, असा तमाशा कोण सोडतो? अंगणातूनच त्यानं विचारलं, "आजी, तुमाले करकर पाहिजे का आवाज पाहिजे?"

म्हातारी म्हणाली, "माह्या घरची गाडी मले वयखू आली पाहिजे. कशानं का होईना!"

ट्रकवाले तुटकंफुटकं लोखंडही नाक्यावर टाकून जात. त्यातल्या कड्या, चकत्या त्यानं गोळा केल्या. चाक आणि खीळ यांच्यामध्ये आसावर दोन-तीन सैल चकत्या ओवल्या, की गाडी चालताना त्या एकमेकींवर वाजत. लहान-मोठ्या, जाड-पातळ, प्रत्येक जोडीचा आवाज वेगळा. वंगणाबरोबर चकत्या फुकट!

पुढचा बाजार पाहायला हवा होता तुम्ही. बायका ओळीनं बसल्या होत्या, बांगड्या निवडाव्यात तशा चकत्या कानाशी वाजवून निवडत होत्या. "हे नको, हे तं जावेच्या गाडीवानी वाजते!" पुरुष बिचारे मागे उभे. पुड्या दुपारलाच संपल्या आणि तीन घरांच्या चुलींची काळजी मिटली. होळी आली, गेली. परत कोणीच गेलं नाही.

त्यानंतर फार वर्षं तो राहिला नाही. एका उन्हाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि गेला. गड्या, तुझ्याशी भांडायचं राहूनच गेलं, असं मला फार वाटलं.

त्याची बायको आता झोपडीत बसते, तेल गाळते, घोटते. चिंध्या मीच नेऊन देतो. त्याची स्वतःची गाडी कधीच नव्हती, म्हणून परवा मी सहज विचारलं, "वहिनी, सगळ्या गावाला गाडी ऐकू यायची. तो यायचा तेव्हा तुम्हाला कसं कळायचं?"

"वासानं, भाऊ. नाल्याच्या वळनावर आला की जयल्या तेलाचा वास यायचा. मी तवा ठेवायची."

तिनं घोटणं थांबवलं आणि आपले काळे हात नाकाशी नेले.

"आता दिवसभर माह्याच हाताले तो वास येते," ती म्हणाली. "भाकर कवा टाकाव, समजत नाई."