तालमीची माती

तरुणपणी चार वर्षं तालमीत घाम गाळला, त्यामुळे मातीतलं आपल्याला जरा जास्तच कळतं, असा माझा समज होता. पेठेतल्या बागेच्या आराखड्याचं काम माझ्याकडं आलं. चालता न येणाऱ्या मुलांनाही इतरांबरोबर खेळता यावं, अशी बाग करायची होती. चाकाची खुर्ची थेट चढवता येईल असा झोपाळा मी बसवला. पडलं तरी लागू नये म्हणून त्याच्याभोवती आखाड्यासारखी वीतभर लाल माती घातली, तेल-ताक-हळद घालून मळलेली. बाग कोल्हापूरची वाटली पाहिजे, असं ज्याला त्याला सांगत सुटलो होतो.

पहिल्याच संध्याकाळी शेजारच्या गल्लीतली नऊ वर्षांची मुलगी खुर्चीतून आली. झोपाळ्यापासून दहा पावलांवर चाकं मातीत रुतली. आईनं तिला उचलून खाली बसवलं आणि आम्ही दोघं खुर्ची ओढायला लागलो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भोवती चार पोरी जमल्या. तमाशा बघायला आल्यात असं वाटून मी त्यांना डाफरून हाकललं.

"असू दे की पावणं, बसू दे तिला थोडा वेळ," आई म्हणाली.

बाई माझी समजूत घालतेय, असं मला वाटलं. मुलीच्या तोंडाकडं मी पाहिलंसुद्धा नाही.

माझा स्वभाव तापट. आठ दिवसांत सगळी माती उकरून काढली. ती ट्रॉलीत भरून कुणाच्या तरी घराच्या पायाभरणीत गेली. तिच्या जागी सपाट रबरी फरशी आली. मग मी स्वतः जाऊन मायलेकींना घेऊन आलो.

खुर्ची सरसर झोपाळ्यापर्यंत गेली. मी छाती फुगवून उभा. मुलगी मात्र वाकून खाली बघत होती.

"काका, माती कुठं गेली?"

"काढली की. तुझी चाकं रुतत हुती नव्हं?"

"रुतली म्हणून तर आईनं खाली बसवलं. त्या पोरी माझं पाय मातीत पुरत हुत्या. तुम्ही वराडलासा."

झोपाळ्याची उंची, फाटकाची रुंदी, उताराचं माप, सगळं घेतलं होतं. तुला काय खेळायचंय, एवढं तिला विचारलं नव्हतं. स्वतःची अशी चीड आली, की ती अजून गेलेली नाही.

ती माझ्याकडं बघत राहिली. मग खुर्ची झोपाळ्यावर चढवायला लावून तिनं दोन झोके घेतले.

"चांगला हाय काका," ती म्हणाली.