पडलेला छर्रा उचलायचा नाही

शूटिंग रेंजवर बोलायला बंदी असते. त्यामुळे आमचं सगळं बोलणं साठून बाहेरच्या पत्र्याच्या शेडखाली, चहाबरोबर निघतं. नेम कसा धरायचा यावर तिथे कोणी बोलत नाही. बोलतात ते छऱ्यांवर. कुठला जड, कुठला हलका, कुणाला कुठला लागू पडला. चाळिशीनंतर बायका गुडघ्याच्या तेलांबद्दल बोलतात ना, तसंच. मी दोन्हीकडे असते, म्हणून माझ्याकडे किस्से जास्त.

आमची रेंज सातपूरच्या बाजूला एका जुन्या गोडाऊनमध्ये आहे. एअर पिस्तूल, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारं. गोळी म्हणजे मसुराएवढा शिशाचा छर्रा. शिकवायला खैरनार सर, फौजेतून रिटायर, मूळचे सटाण्याकडचे.

*

पहिल्या दिवशी मी मोठ्या तोऱ्यात स्वतःचे छर्रे विकत घेऊन गेले. दुकानदाराने गोल डोक्याचे, चपट्या तोंडाचे आणि टोकदार असे सगळे मांडले होते. मी टोकदार घेतले. भाजीची सुरी घेताना जे बघते तेच बघितलं.

टार्गेटच्या कागदाला भोकं पडली ती उंदराने कुरतडल्यासारखी. कुठली गोळी किती गुणांची, सरांना भिंग लावूनही कळेना. त्यांनी माझी डबी उघडली, एक छर्रा चिमटीत धरून बराच वेळ बघितला.

"मॅडम, आपल्याला कागद मारायचाय. वाघ नाही."

चपट्या तोंडाचा छर्रा पंचिंग मशीनसारखं स्वच्छ गोल भोक पाडतो, म्हणून मॅचला तोच, हे मग समजलं. शेडखाली माझं नाव वाघीण पडलं. माझा नेम बघून ते लवकरच मागेही घेतलं गेलं.

*

सरांचा एक नियम आहे. पडलेला छर्रा उचलायचा नाही. शिसं मऊ, त्यात छऱ्याची मागची कड कागदासारखी पातळ. फरशीवर पडला की ती कड दबते आणि छर्रा वाट्टेल तिकडे जातो. पडलेला छर्रा मेला असं समजायचं आणि रात्रीच्या झाडलोटीनंतर बरणीत टाकायचा. कोणी उचलून वापरताना सापडला, तर त्याने पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन रेंज झाडायची.

माझ्या हातून छर्रे पडायचे फार, आणि टाकून देववत नसायचे. पहिल्या वर्षी मी इतक्या वेळा रेंज झाडली की नवीन आलेल्या एका बाईंनी मला त्यांची पाण्याची बाटली भरून आणायला सांगितली.

मी आणली भरून. काय सांगत बसणार?

*

आमच्यात एक दातांचे डॉक्टर आहेत, भामरे. त्यांनी छऱ्यांचा फार अभ्यास केला. एकाच डबीतले छर्रेसुद्धा सारखे नसतात, असं त्यांच्या वाचनात आलं. मग त्यांनी सराफाचा काटा आणला आणि एकेक छर्रा तोलायला घेतला. जड वेगळे, हलके वेगळे, मधले वेगळे. क्लिनिकमध्ये पेशंट तोंड उघडून बसलेला आणि डॉक्टर आत काट्याशी, अशी वेळ आली म्हणतात.

क्लबच्या स्पर्धेला ते छऱ्यांची अख्खी बॅग घेऊन आले. डब्या वजनाप्रमाणे ओळीने लावल्या. हवा दमट आहे म्हणून मधल्या वजनाचे निवडले. सगळ्यांना कारण समजावून सांगितलं.

पिस्तूल घरी राहिलं होतं.

*

आता वंदनाताई. वंदनाताई साळवे, हरसूलकडच्या शाळेत शिक्षिका. आमच्यात खरं शूटिंग येतं ते त्यांना. पण राज्य निवड चाचणीत तीन वर्षं त्या गुणा-दोन गुणांनी राहत होत्या. यंदा त्यांनी घरी जाहीर केलं, की या वेळी नाही झालं तर पिस्तूल विकून टाकणार. साळवेभाऊजींनी लगेच गिऱ्हाईकही बघून ठेवलं.

गिऱ्हाईक मीच होते. त्यामुळे त्यांच्यासाठी प्रार्थना करताना मला जरा जपून शब्द निवडावे लागायचे.

सर म्हणाले, आधी छर्रा ठरवू. प्रत्येक पिस्तुलाला एखादाच माल, म्हणजे एखाद्याच खेपेचे छर्रे मानवतात, आणि ते कळायला माणसाचा हात मध्ये नको. त्यांनी ताईंचं पिस्तूल टेबलाच्या पकडीत घट्ट आवळलं आणि एकेका डबीतले पाच-पाच छर्रे एकाच जागी मारले. कुठे भोकं पसरली, कुठे जरा जवळ आली. शेवटच्या डबीचे पाचही एकाच भोकातून गेले.

सरांनी तो कागद ताईंच्या हातात दिला.

"ताई, तुम्ही मध्ये नसलात की तुमचं पिस्तूल हे असं मारतं."

ताईंनी तो कागद घरी फ्रिजवर लावला. भाऊजींनी कौतुकाने विचारलं, कोणी मारलं? ताई म्हणाल्या, "कोणीच नाही."

*

त्या मालाची ती एकच डबी क्लबमध्ये उरली होती. फिरून तोच माल कुठेच मिळेना. सरांनी ती ताईंना दिली आणि बजावलं, चाचणीशिवाय उघडायची नाही. ताईंनी ती कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवली. लॉकर लहान, म्हणून सोन्याच्या बांगड्या बाहेर ड्रॉवरमध्ये आल्या. सरावाला साधे छर्रे.

चाचणी पुण्याला होती. सर आणि मी मागे प्रेक्षकांत, ताईंची बॅग माझ्या मांडीवर, बॅगेत सरावाचे छर्रे. ताई इतक्या शांत मारत होत्या, की मी मनातल्या मनात पिस्तुलाचा नाद सोडून दिला. शेवटच्या दहा गोळ्या उरल्या. नेहमी त्या इथेच गडबडायच्या.

ताईंनी घाम पुसायला रुमाल घेतला आणि कोपराने डबी खाली गेली. उपडी पडली. एकही छर्रा आत राहिला नाही.

सरांनी माझ्याकडून बॅग ओढून घेतली, सरावाची डबी काढली आणि उभं राहून ताईंना दाखवली. हे घ्या, अशी खूण केली. ताईंनी वळून डबीकडे बघितलं. मग फरशीकडे बघितलं. मग पिस्तूल टेबलावर ठेवलं, दुखऱ्या गुडघ्यावर हात टेकवून खाली बसल्या आणि छर्रे वेचायला लागल्या.

"हाई काय शे?" सर त्यांच्या अहिराणीत पुटपुटले आणि रेंजकडे पाठ करून उभे राहिले.

ताई एकेक छर्रा उचलत होत्या, फुंकर मारत होत्या आणि गोळी झाडत होत्या. मी सरांच्या पाठीला कुजबुजत एकेक गुण सांगत होते. दहा. दहा. नऊ. दहा. सर म्हणाले, थट्टा करू नका.

ताईंचे शेवटच्या दहा गोळ्यांचे गुण इतके चांगले कधीच झाले नव्हते. त्यांची निवड झाली.

परतीची गाडी संगमनेरला थांबली. तिथे चहाला उतरलो तेव्हा सरांनी विचारलं, "मी डबी दाखवत होतो ना?"

ताई म्हणाल्या, "सर, वर्षभर बांगड्यांच्या जागी ठेवले होते ते. सांडले म्हणून तिथेच सोडून येऊ?"

*

नियमाप्रमाणे पुढच्या रविवारी रेंज झाडायची पाळी वंदनाताईंची होती. पण त्यांचे गुडघे, शिवाय निवड झालेल्या माणसाच्या हातात झाडू बरा दिसत नाही. म्हटलं, आपल्याला सवय आहे. लवकर गेले, कोपऱ्यातला झाडू घेतला.

आत सर एकटेच होते. समोर नवी डबी. त्यांनी सील काढलं, चिमूटभर छर्रे तळहातावर घेतले, दाराकडे एकदा बघितलं. मी पाण्याच्या पिंपाआड होते. मग त्यांनी हात कमरेएवढा धरला आणि छर्रे फरशीवर सोडून दिले. खाली वाकले, एक उचलला, फुंकर मारली आणि पिस्तुलात घातला.

मी झाडू त्यांच्या खुर्चीला टेकवून ठेवला आणि चहा प्यायला बाहेर गेले.