आधी उठा, मग सरकू

कंडक्टरमामांचा हात स्वस्थ बसत नसे. निघायची वेळ झाली की जवळ जे काही असेल त्यावर, म्हणजे दाराच्या कडीवर, स्टीलच्या डब्यावर, लग्नातल्या मांडवाच्या खांबावर, ते किल्लीनं दोनदा टकटक करायचे. डबल बेल. ती ऐकली की मामी चपला शोधू लागायच्या आणि समोरचा बोलणारा वाक्याच्या मध्ये असला तरी मामा उठलेले असायचे. त्यांची सगळी नोकरी नांदेड-देगलूर गाडीवर गेली. निवृत्तीनंतर गाडी सुटली, बेल राहिली.

नांदेडला आम्ही एकाच इमारतीत भाडेकरू होतो. मी दुसऱ्या मजल्यावर, ते तिसऱ्या. मी कॉलेजात शिकवत असल्यामुळे इमारतीतली इंग्रजी कागदपत्रं वाचण्याचं काम माझ्याकडे आपोआप आलं होतं. त्यातूनच मामांशी ओळख वाढली आणि त्यांच्या गाडीतले किस्से मला ऐकायला मिळाले.

एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे आणि आरक्षणाचं तिकीट घेऊन मागून येणारे, यांची भांडणं मामा एकाच रीतीनं मिटवत. रुमालवाल्याला म्हणत, "आधी उठा." तो कुरकुरत उठला की तिकीटवाल्याला नीट बसवत. मग त्या बसलेल्या माणसाला म्हणत, "आता सीट तुमची. ह्यांच्यासंगं लेकरू हाय. सरकता का जरा?" बहुतेक लोक सरकत. मी विचारलं, पहिल्यांदाच सरकायला का नाही सांगत? मामा म्हणाले, "न्हाई सर. हक द्यायच्या आधी मागितलं की मानूस आकसतो. हातात दिला की सैल सोडतो."

थाटामाटाचं त्यांना वावडं होतं. एकदा बिलोलीच्या स्टँडवर एक पुढारी गाडीच्या पायरीवर पाय ठेवून हार घालून घेत होते. हार संपेनात. मामांनी डबल बेल दिली. पुढारी पळत आत आले. "राहिलेले हार आत घाला सायब," मामा म्हणाले. "बसायला जागा हाय, थांबायला न्हाई."

मामींचे गुडघे तिसऱ्या मजल्यामुळे कामातून जाऊ लागले, तेव्हा मामांनी समोरच्या गल्लीतलं एक बैठं घर बँकेच्या लिलावात घेतलं. निवृत्तीचे पैसे त्यात गेले, मामींच्या पाटल्याही गेल्या. घर होतं नागनाथरावांचं. त्यांचं हार्डवेअरचं दुकान बुडालं आणि दुकानासाठी गहाण ठेवलेलं घर बँकेनं विकलं. पण बँकेनं ताबा घेतला होता तो दारावर नोटीस चिकटवण्यापुरता. आत नागनाथराव सहकुटुंब राहत होते. मामांच्या हाती विक्रीचा दाखला आला, किल्ली आली नाही.

मी त्यांच्याबरोबर बँकेत गेलो. साहेबांनी ग्राहक हे आमचं दैवत असल्याचं सांगितलं आणि नंतर दैवताला कळवलं की घर "जसं आहे तसं" विकलंय, आतली माणसं तुमची तुम्ही बघा. मामा शांतपणे म्हणाले, "तिकीट तुम्ही फाडलं. पैसे पुरे घेतले. सीट रिकामी करून देनं तुमचं काम हाय. प्रवाशानं प्रवाशाला उठवायचं नसतं." मामांच्या वकिलानं हेच म्हणणं चार पानांत लिहिलं. तेव्हा कुठे बँकेनं ताब्यासाठी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला.

दरम्यान चार पोरं घेऊन घुसा, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटले. मामा गेले नाहीत. भाजीच्या गाड्यावर नागनाथराव समोर आले तर दोघं एकाच ढिगातली वांगी निवडत.

"कधी काढता मामा मला?"

"मी कोन काढनार? मी बी प्रवासीच. कंडक्टर येनार हाय."

कंडक्टर आला तो नायब तहसीलदारांच्या रूपानं, पोलीस आणि पंच असा लवाजमा घेऊन. पण त्याच आठवड्यात नागनाथरावांची निलंग्याला दिलेली लेक पहिल्या बाळंतपणाला येऊन मोकळी झाली होती. मागच्या खोलीतून ओव्याच्या धुरीचा वास येत होता. नागनाथराव दारात हात जोडून उभे राहिले. "बारसं होईस्तोवर थांबा."

नायब तहसीलदारांनी मामांकडे पाहिलं. आजचा दिवस गेला तर पुन्हा अर्ज, पुन्हा बंदोबस्त, पुन्हा कित्येक महिने. आमच्या घरमालकाचं मामांना खोली सोडायला सांगून झालं होतं. मामी पायरीवर बसून गुडघा चोळत होत्या. म्हणाल्या, "बाळंतिनीला उठवून मला त्या घरात झोप लागायची न्हाई."

"उठावं तर लागंल," मामा म्हणाले.

मला त्या क्षणी मामा आवडले नाहीत. सामान रस्त्यावर आलं. लेक बाळ घेऊन बाहेर आली आणि मामींशेजारी पायरीवर बसली. पंचनाम्यावर सह्या झाल्या, किल्ली मामांच्या हातात पडली. मामांनी ती उलटसुलट करून पाहिली, मागची खोली उघडली आणि बाहेर आले.

"आता घर माझं. माझ्या घरात पाहुनं कोन ठेवायचं ते मी बघनार. चल लेकी, उनात बसू नको. नागनाथराव, बाज उचला."

तेवढ्यात खबर लागून वकिलाचा फोन आला. "मामा, काय करून राहिले तुम्ही? काढलेली माणसं पुन्हा आत?"

"मानसं न्हाई, पाहुनं."

नागनाथराव बाजेचा एक पाय धरून उभे होते. हळूच म्हणाले, "आन् आम्ही पुन्हा निघालोच न्हाई तर?"

"तर मला मानूस कळत न्हाई असं होईल," मामा म्हणाले. "मग जनमभर गाडीत मी केलं काय?"

मामा बोलले खरं, पण बारशापर्यंत त्यांना नीट जेवण गेलं नाही, असं मामींनी मला नंतर सांगितलं. बारसं त्याच घरात झालं. नागनाथरावांनी कधीकाळी स्वतः ठोकलेल्या कडीला पाळणा टांगला होता, आणि आल्यागेल्याचं स्वागत मामी करत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आला. मामींनी लेकीची ओटी भरली. नागनाथराव पुढे बसले, पण ड्रायव्हरला निघ म्हणेनात. मामांनी टेम्पोच्या पत्र्यावर किल्लीनं दोनदा वाजवलं. टेम्पो गेला.

मामा गेले ते याच घरातून, गेल्या हिवाळ्यात. शववाहिका दारात उभी होती. एका माजी नगरसेवकांनी श्रद्धांजलीचं भाषण सुरू केलं. मामांपासून ते राज्याच्या दळणवळणापर्यंत आले आणि तिथून खाली उतरायला तयार नव्हते. गर्दीत नागनाथराव होते. त्यांनी खिशातून आपल्या भाड्याच्या खोलीची किल्ली काढली आणि गाडीच्या पत्र्यावर दोनदा वाजवलं. ड्रायव्हरनं गाडी सोडली. नगरसेवकांचं वाक्य अर्धंच राहिलं.

मामी उंबऱ्याशी उभ्या होत्या. डोळे पुसून म्हणाल्या, "येळेवर सुटली."