दोन कम्प्युटर, एक वायर

आज खण आवरताना एक निळी वायर हाती लागली आणि पडेगावहून येणारे केबलवाले चाचा आठवले. तेव्हा आपल्याकडे दोन कम्प्युटर होते, पण इंटरनेट फक्त हॉलमधल्या जुन्यावर चालायचं. तुमची आई आणि मामा त्यावर पाळीपाळीने बसत, म्हणून मी भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं होतं. एके दिवशी चार ते पाच मामाची ऑनलाइन परीक्षा आली आणि तुमच्या आईचा परदेशी शिष्यवृत्तीचा अर्जही पाचलाच बंद होणार होता. मामा म्हणाला, "आई, आता वेळापत्रकालाच वायर लाव." मी चाचांना बोलावलं. त्यांनी राऊटर आणून जुना आणि नवा असे दोन्ही कम्प्युटर त्याला जोडले, तर नेट दोन्हींवर बंद. साडेतीन वाजले होते. माहितीपुस्तक मी दोनदा वाचलं, काही सुचेना. चाचा शांतपणे चष्मा पुसत म्हणाले, "भाभी, पहिल्या दिवशी वायर कशाला लावली होती?" "ह्या जुन्यालाच." "मग बराबर हाय. दर मशीनचा आपला एक नंबर असतो, आन् आमच्या केबलच्या हापिसाला ह्याचाच ठाऊक. ह्या राऊटरच्या डब्याला ते दारातच उभं करतंय." त्यांनी जुन्या कम्प्युटरचा तो अक्षर-आकड्यांचा नंबर शोधला आणि एकेक अक्षर मोठ्याने वाचत राऊटरमध्ये भरला, म्हणजे हापिसाला राऊटर म्हणजे जुना कम्प्युटरच वाटावा. चारला पाच मिनिटं कमी असताना नेट दोन्हींवर सुरू झालं. अर्ज वेळेत गेला. त्याच अर्जावर तुमची आई तिकडे गेली आणि तिकडचीच झाली. तुमची फार आठवण आली की मी चाचांवर थोडं रागावून पाहते, पण तो राग काही टिकत नाही.