मैनेचं डोहाळजेवण

टेबलावर उभ्या असलेल्या कुत्रीच्या गळ्यात मोगऱ्याचा गजरा होता, कपाळावर कुंकू होतं आणि पाठीवर हिरवा खण बांधलेला होता. ती ओकत होती. ओकारीतली पुरणपोळी लांबूनसुद्धा ओळखू येत होती.

"मॅडम, आधी पिल्लं बघा," शोभाताई म्हणाल्या. "पोटातल्या पिल्लांना काय झालं न्हाई ना?"

"पिल्लं नंतर. आधी हिने काय काय खाल्लंय ते सांगा."

"पुरनपोळी. वर जरा तूप. दोन पेढे. आन् शेजारनींनी हौसेनं काय काय भरवलं, त्ये मी बघितलं न्हाई."

"कशाबद्दल?"

"आवो, डोहाळजेवन हुतं ना तिचं!"

मी कोपरगावात जनावरांची डॉक्टर आहे. सुरुवातीची वर्षं सगळी गाई-म्हशींत गेली. हल्ली वस्त्यावस्त्यांवर लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्ड आलेत, त्यामुळे क्लिनिकमध्ये कुत्रीच जास्त असतात. कुत्र्यांचे वाढदिवस मला नवीन नाहीत. डोहाळजेवण मात्र पहिलंच होतं.

शोभाताई आणि काशिनाथभाऊ ही गोदावरीच्या काठची ऊसवाली मंडळी. मुलगी नाशिकला शिकायला गेली आणि घर सुनं पडलं, तेव्हा त्यांनी ही लॅब्राडोर आणली. नाव मैना. फिक्कट पिवळा रंग, डोळे गरीब, भूक जबर. काशिनाथभाऊ त्या वेळी दाराशी उभे होते. एका पायात कोल्हापुरी चप्पल, दुसऱ्यात निळी स्लीपर. घाईत निघाले असतील, असं मी समजले.

ओकारी थांबण्याचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. माझी असिस्टंट वैशाली हिने गजरा काढून बाजूला ठेवला. थोड्या वेळात मैना शांत झाली आणि शेपटी हलवून पेढ्याच्या डब्याकडे बघायला लागली. म्हणजे पोटाचं फार काही बिघडलेलं नव्हतं.

"तारीख कधीची आहे?" मी विचारलं.

"आता आज-उद्याच," शोभाताई म्हणाल्या. "राहात्याच्या गुरुजींचा कुत्रा हाय ना, प्युअर लॅब्राडोर, त्याच्याकडं नेल्ती. दोन महिने होत आले. पोट बघा केवढं झालंय. दूध पन आलंय."

पोट खरंच मोठं दिसत होतं. दाबलं तर सडातून दूधही येत होतं. पण पोटात हाताला काही लागेना. दिवस भरत आलेल्या कुत्रीच्या पोटात पिल्लांचे गोटे हाताला लागतात. मी म्हटलं, आलाच आहात तर सोनोग्राफी करून घेऊ.

केस कापले, जेल लावलं, प्रोब फिरवला. या दिवसांत पिल्लं असतील तर स्क्रीनवर न शिकलेल्या माणसालाही दिसतात. पाठीचे मणके माळेसारखे दिसतात आणि छातीत हृदय फडफडत असतं. शोभाताई माझ्या खांद्यावरून बघत होत्या.

"किती हायेत?"

मी प्रोब मागे घेतला. पुन्हा पहिल्यापासून बघितलं. मला दुसरीच काळजी होती. माजानंतर काही आठवड्यांनी कधीकधी कुत्रीच्या गर्भाशयात पू साठतो. त्याला आम्ही पायोमेट्रा म्हणतो. त्यातही पोट फुगतं, कुत्री मलूल होते, ओकते. वेळेत ऑपरेशन झालं नाही तर ती दगावते. मी बराच वेळ शोधत राहिले. पू नव्हता. गर्भाशय अगदी नॉर्मल होतं. आणि रिकामं होतं.

"शोभाताई, बसा जरा."

"का हो?"

"पिल्लं नाहीत."

"म्हंजे पडली?"

"पडली नाहीत. नव्हतीच. ती गाभण नाही."

त्यांनी एकदा मैनेकडे बघितलं, एकदा मशीनकडे. "मशीन बराबर हाय ना तुमचं?"

"बरोबर आहे."

"मागच्या अंगाला लपली असतील."

"इतकी नाही लपत."

काशिनाथभाऊंनी दारातूनच विचारलं, "मंग पोटात हाय तरी काय?"

"पुरणपोळी. आणि चरबी. दोन महिने तुम्ही तिला गर्भारणीचं खायला घालताय."

"आन् दूध?"

याला खोटं गर्भारपण म्हणतात. कुत्रीचा माज संपला की ती गाभण असो वा नसो, तिच्या शरीरात पुढचे दोन महिने जवळजवळ तीच हार्मोन्स फिरत असतात. ती उतरली की काही कुत्र्यांच्या शरीराला वाटतं, बाळंतपण झालं. दूध येतं. कुत्री कोपरा शोधते, गोणपाट उकरून जागा करते. पिल्लू नसेल तर एखादी वस्तू उचलून नेते आणि तिलाच सांभाळत बसते.

हे सांगत होते तोच काशिनाथभाऊ मोठ्याने म्हणाले, "तरीच!"

"काय झालं?"

"माझी चप्पल! नवी कोल्हापुरी. चार दिस झाले, पेंडीच्या खोलीत घेऊन बसलीय. चाटती काय, पोटाशी धरती काय. मी घ्यायला गेलो तर माझ्यावर गुरगुरती. माझ्यावर!"

"ते सध्या तिचं पिल्लू आहे," मी म्हटलं.

वैशाली तोंडावर हात धरून आत पळाली. काशिनाथभाऊही हसले. शोभाताईंना मात्र हसू येईना. त्या दिवशी जेवायला आलेल्यांपैकी अनेकांनी पिल्लू सांगून ठेवलं होतं. त्यांचा भाऊ, गावचे सरपंच, दूध डेअरीचे चेअरमन, एसटीचे एक कंडक्टर.

"लोकांला काय, सांगता येईल कायतरी," त्या मैनेच्या कानामागे खाजवत म्हणाल्या. "हिला काय सांगू? ही त्या चपलीपाशी बसून वाट बघती ओ."

मी नेहमीचा सल्ला दिला. खाणं कमी करा. दूध पिळू नका, पिळलं की आणखी येतं. फिरायला न्या. चप्पल हळूच काढून घ्या. दोन-तीन आठवड्यांत आपोआप निवळेल. त्यांनी मान हलवली, खणाची घडी केली आणि मैनेला घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर करते तर पायरीवर हायवेच्या पेट्रोल पंपाचे मॅनेजर बसलेले. मांडीवर ऑइलच्या डब्यांचं खोकं. खोक्यात चार पिल्लं. पंपामागे एक गावठी कुत्री व्यायली होती. पहाटे ती उसाच्या ट्रॉलीखाली गेली.

"पंपावरच्या पोरांनी दूध पाजायचा प्रयत्न केला, पण घेत नाहीत," ते म्हणाले.

"बरं झालं घेतलं नाही."

पिल्लं गार पडली होती. डोळेही उघडलेले नव्हते. एवढं लहान पिल्लू गार असताना त्याला दूध पाजलं तर ते पचत नाही, उलट छातीत जाण्याची भीती. आधी ऊब, मग दूध. वैशालीने बाटल्यांत गरम पाणी भरलं, त्यांवर टॉवेल गुंडाळला, पिल्लं मधे ठेवली. हळूहळू तीन चुळबुळायला लागली. चौथं अगदीच बारकं होतं. त्याला हातात धरून बसावं लागलं.

आईविना पिल्लं बाटलीवर वाढतात, पण सगळी नाही. दर दोन-तीन तासांनी पाजायचं, ओल्या कापसाने पुसून शी-शू करवायची, कारण ते काम आई चाटून करते. क्लिनिक सांभाळून हे जमणं अवघड होतं. मग माझ्या डोक्यात आलं ते तुमच्याही आलं असेल. इथे आई नसलेली पिल्लं आहेत, आणि पाच-सात किलोमीटरवर पिल्लं नसलेली आई आहे.

हे वाटतं तितकं सोपं नसतं. परकं पिल्लू कुत्रीने झिडकारलं तर एका चाव्यात खेळ संपतो. रस्त्यावरच्या पिल्लांकडून तिला काही लागण होऊ शकते. मैनेची लसीकरणं झालेली होती, ही जमेची बाजू. मी फोन लावला. काशिनाथभाऊंनी उचलला.

"गावठी?" सगळं ऐकून त्यांनी विचारलं.

"हो. पक्की गावठी."

"मॅडम, लोकांला लॅब्राडोर सांगितलाय ओ आमी."

मागून शोभाताईंचा आवाज आला, "आवो, द्या तो फोन इकडं!" मग थेट कानात, "मॅडम, कवा येताय?"

"ती घेईलच असं नाही, शोभाताई. चावू पण शकते."

"तुमी या तर."

पिल्लांच्या पिसवा काढल्या, कोमट पाण्याने पुसली, पुन्हा शेकली आणि गाडीत घातली. पंपाचे मॅनेजरही मोटारसायकलवर मागून आले. ड्युटी सोडून.

वस्तीवर पोचल्यावर मी शोभाताईंना मैनेला बांधावर फिरवून आणायला सांगितलं. जाण्याआधी तिचं थोडं दूध एका फडक्यावर घेतलं. कुत्र्याचं सगळं जग नाकात असतं. ते फडकं मी चारही पिल्लांच्या अंगावरून फिरवलं आणि मग ती तिच्या गोणपाटात घोळवली. काशिनाथभाऊंनी चप्पल उचलली. ती चाटून चाटून मऊ झाली होती. तिच्या जागी आम्ही पिल्लं ठेवली.

मैना आली. मी तिचा पट्टा आखूड धरला होता. ती सरळ कोपऱ्याकडे गेली आणि थबकली. चप्पल नाही. तिने माझ्याकडे बघून ओठ वर केला, दात दिसले.

"मैने," शोभाताई हळू आवाजात म्हणाल्या.

एक पिल्लू चिरकलं. मैना दचकून मागे सरकली. मग मान लांब करून तिने हुंगलं. पुन्हा हुंगलं. घशातून बारीक गुरगुर चालूच होती, आणि ती रागाची की कशाची ते मला कळेना. एवढ्यात तिने जबडा उघडून एक पिल्लू उचललं.

मी पट्टा ओढायला हात आवळला. पंपाचे मॅनेजर "अरे अरे" म्हणत पुढे झाले. काशिनाथभाऊंनी त्यांचा दंड धरला.

"थांबा. माझी चप्पल पन तिनं अशीच उचलल्ती. दाताचा एक वन न्हाई तिच्यावर."

मैनेने पिल्लू अलगद नेलं आणि पोत्यांच्या मागे, आमच्यापासून लांब ठेवलं. मग दुसऱ्यासाठी परत आली. मी पट्टा सोडला. चारही पिल्लं नेऊन झाल्यावर ती आडवी झाली आणि चाटायला लागली, इतक्या जोरात की पिल्लं कोलांट्या खात होती. थोड्या वेळाने पोत्यांमागून चुटूचुटू आवाज यायला लागला. शोभाताईंनी पदर डोळ्यांना लावला. मॅनेजर बाहेर जाऊन हापशावर तोंड धुऊन आले.

काशिनाथभाऊ चप्पल हातात घेऊन उभे होते. "आता ही घालू का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

सगळंच गोड झालं असं नाही. बारकं पिल्लू सडाला धरून ठेवावं लागायचं. शोभाताई तासन् तास त्याला धरून बसायच्या, मी औषधं दिली, तरी त्याच आठवड्यात ते गेलं. त्यांनी ते लिंबाखाली पुरलं. मैना त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी जेवली, कारण तिघांना दूध पुरवायचं होतं. ते पुरेना म्हणून काशिनाथभाऊ वरून बाटलीने पाजायचे. आधी "गावठी" म्हणणारा हा माणूस नंतर मला फोन करून विचारायचा, "मॅडम, मधल्यानं आज जरा कमी घेतलं, काय करू?"

डोळे उघडले, दात आले, पिल्लांनी पेंडीची पोती फाडली. वाटपाची वेळ आली तेव्हा सरपंचांना अचानक घरात जागा कमी असल्याचं आठवलं. चेअरमन म्हणाले, बघू. शोभाताईंच्या भावाने काही न विचारता एक उचललं. एक काशिनाथभाऊंनी कोणाला देऊच दिलं नाही. तिसरं कंडक्टरसाहेबांनी नेलं आणि पहिल्या लसीला माझ्याकडे घेऊन आले. काळं-पांढरं, एक कान उभा, एक पडलेला.

"मॅडम, खरं सांगा," ते आवाज खाली आणून म्हणाले, "ह्यात लॅब्राडोर किती टक्के?"

"दूध शंभर टक्के," मी म्हटलं.

ते अगदी समाधानाने गेले. आगारात ते काय सांगत असतील ते मी विचारलेलं नाही.

मैनेचं दूध आटल्यावर मी तिचं गर्भाशय काढण्याचं ऑपरेशन केलं. खोटं गर्भारपण एकदा झालं की पुन्हा होण्याची शक्यता असते, ऑपरेशनने ती टळते आणि पायोमेट्राची टांगती तलवारही जाते. मैना आता मजेत आहे. वजन मात्र अजून जास्तच आहे, आणि त्याबद्दल त्या घरात कोणी माझं ऐकत नाही.

हल्ली कोणी "कुत्री गाभण आहे" म्हणत हसत हसत क्लिनिकमध्ये आलं, तर मी लगेच अभिनंदन करत नाही. माजानंतर महिना उलटला की सोनोग्राफीला आणा, एवढंच सांगते. त्यात पिल्लं दिसली तर पाहुणे बोलवा, नाही दिसली तर घरातल्या चपला मोजून ठेवा.